खडकाच्या भेगांचा खडबडीतपणा

भिक्खुसंघासाठी कोरलेली कार्ले व अजिंठा येथील लेणी ज्या बेसॉल्ट खडकात आहेत, तो खडक सर्वत्र अखंड नाही. लाव्हा थंड होताना आकुंचन पावतो आणि त्यात भेगा पडतात. भूशास्त्रात त्यांना सांधे म्हणतात. छतातील एखादा ठोकळा निसटेल की टिकेल, डोंगराचा उतार स्थिर राहील की घसरेल, हे पुष्कळदा खडकाच्या मूळ बळापेक्षा या सांध्यांवर ठरते. सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असले, की त्यांचे उंचवटे एकमेकांत गुंततात. घसरणाऱ्या भागाला ते ओलांडावे तरी लागतात किंवा मोडावे तरी लागतात.

हा गुण अंकांत मांडण्याची सर्वपरिचित पद्धत निक बार्टन यांनी १९७३ मध्ये सुचविली. पुढे १९७७ मध्ये बार्टन आणि चौबे यांनी दहा नमुना-रेषा प्रसिद्ध केल्या. जवळजवळ सपाट पृष्ठभागाला शून्य, अत्यंत खडबडीत पृष्ठभागाला २०. बारीक सुया ओळीने बसविलेली फणी पृष्ठभागावर दाबली, की सुया त्याचा चढउतार घेतात. ती रेषा कागदावर उतरवून नमुन्यांशी ताडून पाहावयाची.

साधन साधे असले तरी निर्णय डोळ्यांचा असतो, आणि त्याची किंमत मोठी आहे. मूळ घर्षणकोन ३० अंश आणि पृष्ठभागाचे बळ त्यावरील दाबाच्या शंभरपट धरले, तर बार्टन यांच्या सूत्राने खडबडीतपणा ५ असता एकूण कोन ४० अंश येतो, १० असता ५० अंश. म्हणजे घसरणीस होणारा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो! म्हणून केवळ नजरेवर न विसंबता सांध्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून हळूहळू कलते करतात व वरचा कोणत्या कोनात घसरतो ते पाहतात. आता लेसर यंत्रेही आली आहेत. शिवाय हातभर तुकड्याचा अंक संपूर्ण कड्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. लांबी वाढते तशी त्याची परिणामकारकता सहसा घटते.

सांध्यात मातीचा थर उंचवट्यांहून जाड असेल, तर मात्र ते एकमेकांना भिडतच नाहीत. इटलीतील वायोंट येथे ९ ऑक्टोबर १९६३ रोजी चुनखडकाच्या थरांमधील चिकणमातीवरून डोंगराचा प्रचंड भाग धरणाच्या जलाशयात घसरला. उसळलेल्या लाटेत सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. फणी लावण्यापूर्वी भेगेत काय भरले आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.