गाडी बंद पडते, पण केव्हा?

जुनी गाडी चालता चालता बंद पडू लागली की गॅरेजमध्ये पहिला संशय कार्ब्युरेटरवर घेतला जातो. तो उघडतात, जेट फुंकतात, पुन्हा बसवतात. फरक पडला नाही तर प्लग, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. कधी त्यातला एखादा नेम लागतो आणि गाडी सुधारते. पण दोष कशात होता हे मालकालाही कळत नाही आणि मेकॅनिकलाही. कार्ब्युरेटरवाली मारुती 800 किंवा प्रीमियर पद्मिनी अजून हौसेने सांभाळणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा. काय बिघडलं हे नंतर पाहावं. इंजिन केव्हा आणि कसं बंद पडतं, हे आधी नोंदवावं. निम्मं निदान तिथेच होतं.

‘कसं’ यातला फरक सोपा आहे. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं, त्यामुळे मागून पुरवठा तुटला तरी इंजिन लगेच मरत नाही. पिकअप जातो, झटके बसतात, मग ते थांबतं. करंट तुटला तर मात्र दिवा मालवावा तसं एका क्षणात सगळं बंद. ‘केव्हा’ हे त्याहून बोलकं. वेगात ठीक आणि सिग्नलला पाय काढताच बंद, असं असेल तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे का ते पाहावं. थ्रॉटल मिटलेला असताना मॅनिफोल्डमधली ओढ सर्वांत जास्त आणि इंजिनला मिळणारी हवा सर्वांत कमी असते, म्हणून चिरलेल्या नळीतली किंवा फाटलेल्या गॅस्केटमधली बारीक गळतीही तिथे पुरेशी ठरते. रेस दिली की ती लक्षातही येत नाही. ज्या कार्ब्युरेटरवर स्लो स्पीडचा सोलेनॉइड आहे, तिथे चावी फिरवल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो का ते ऐकावं. उलट, सिग्नलला शांत आणि चढावर दम तोडणारी गाडी बहुधा चोंदलेल्या फिल्टरची असते. टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होऊन गाडी चालू लागली, तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजली आहे.

खरी फसगत होते ती गरम झाल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीत. वीस-तीस मिनिटं थांबलं की ती काही घडलंच नाही अशी सुरू होते, आणि गॅरेजला पोहोचेपर्यंत पुरावा थंड झालेला असतो. इथे दोन संशयित आहेत. एक, इंजिनला चिकटून बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढीमुळे नळीतला दाब उतरतो, त्यात इंजिनची धग, म्हणून पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढवळत बसतो. घाटात फियाटच्या पंपावर ओलं फडकं टाकायची चाल यातूनच आली. दुसरा संशयित कॉइल. तापल्यावर आतल्या तारांचं इन्सुलेशन दगा देतं आणि निवल्यावर पुन्हा धरतं. दोघांचं वेळापत्रक सारखं, म्हणून तपासणी गाडी बंद असतानाच, पहिल्या पाच मिनिटांत करायला हवी. एअर फिल्टर काढून, इग्निशन बंद ठेवून थ्रॉटल दाबावा: पेट्रोलची बारीक धार पडली तर फ्लोट चेंबर कोरडं नाही. मग प्लग काढून, इन्सुलेशनच्या पकडीने धरून, बॉडीला टेकवून सेल्फ मारावा. पेट्रोल सांडलेलं असेल तिथे हे अजिबात करू नये. धार आहे पण ठिणगी नाही, तर पंपावर फडकं टाकण्यात अर्थ नाही. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटरमधली तार बघावी.

यावर हल्ली हमखास येणारा आक्षेप म्हणजे, दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा आहे. आक्षेप पोकळ नाही. 2022 मध्ये मिश्रणाचं प्रमाण 10 टक्क्यांवर आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, टाकीतला साचलेला गाळ सोडवून फिल्टरकडे धाडतं, ओलावा शोषतं. ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरला मिश्रण पातळ पडतं. पण टाकीतलं पेट्रोल सकाळ-दुपार तेच असतं आणि गाडी मात्र ठरावीक वेळीच बंद पडते. म्हणजे इंधन कुठल्या तरी एका नळीतून, डायफ्रॅममधून किंवा फिल्टरमधून त्रास देतं, आणि तो भाग शोधायला पुन्हा वेळच विचारावी लागते. ‘जुन्या गाडीत दोन-तीन दोष एकदम असतात’ हेही खरं. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार भाग एकदम बदलले आणि त्यातला एक डुप्लिकेट निघाला, तर जुन्या दोषात नव्याची भर पडते.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या एमपीएफआय गाड्यांत पंप सहसा टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे वाफेचा प्रश्न क्वचित. तिथे गरम झाल्यावर रुसणारा क्रँक सेन्सर आधी पाहावा. गाडी कुठलीही असो, ब्रेक बूस्टर असेल तर इंजिन थांबल्यावर त्याची मदत दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते. म्हणून आधी गाडी डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा आणि मगच बॉनेट उघडा.