खडकाळ वावरातले शेततळे : कागद अंथरण्याआधी जमिनीची तयारी



गेल्या काही हंगामांत आपल्या कार्यक्षेत्रात शेततळ्यांची संख्या बरीच वाढली आहे. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली, तेव्हापासून गावोगाव खोदाई सुरू झाली. नहराचे आवर्तन पंधरा दिवस पुढे गेले की मे महिन्यात उभा ऊस डोळ्यांदेखत सुकतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा तळ्याची गरज पटवून देण्यासाठी हा लेख नाही. तळे खोदले, महागाचा प्लॅस्टिक कागद आणून अंथरला आणि दिवाळीपर्यंत पाणी गायब झाले, असे जे घडते ते का घडते, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. आमच्या पाहणीत अशा दहा तळ्यांपैकी बहुतेकांत दोष कागदाचा नसतो, कागदाखालच्या जमिनीचा असतो.

आधी एक हिशेब बघू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळे, बाजूंचा उतार एकास दीड धरला, तर त्यात सुमारे १९ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. ठिबकवरच्या उसाला एप्रिल-मेमध्ये एकरी दिवसाला ३० हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात रोज एक सेंटिमीटरभर पाणी वाफ होऊन उडते असे धरले, तर भरलेल्या तळ्यातून ते नऊ हजार लिटर होते. म्हणजे एवढे तळे दीड एकर उसाला पस्तीस-छत्तीस दिवस तारून नेते. हे काही थोडेथोडके नव्हे. पण तळाला बोटभर भोक पडले तर यातले काहीच हाती राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळांची समजूत अशी की पाण्याचे वजन कागद पेलतो. तसे नाही. वजन जमीन पेलते, कागद फक्त पाणी झिरपू देत नाही. ५०० मायक्रॉनचा कागद म्हणजे अवघा अर्धा मिलिमीटर. तीन मीटर पाण्याचा भार तळाच्या दर चौरस फुटावर सुमारे २८० किलो पडतो, म्हणजे पन्नास किलोची साखरेची साडेपाच पोती! ही पोती गुळगुळीत जमिनीवर ठेवली तर काही होत नाही. खाली गोट्याचे टोक असेल तर सगळा भार त्या टोकावर येतो आणि कागद टोचला जातो. खाली खळगा किंवा भेग असेल तर कागद त्यात ओढला जातो, ताणतो, पातळ होतो आणि एक दिवस फाटतो. टोचणे आणि ताणणे, कागदाचे हे दोनच शत्रू. खडकाळ जागेत दोन्ही भरपूर सापडतात.

आपल्या जिल्ह्याची जमीन सगळीकडे सारखी नाही. नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे दख्खनचा काळा पाषाण. शहरातली सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला व ईशान्येला त्याहून फार जुने, स्फटिकासारखे खडक. दोन्हीकडे तळ्याची तऱ्हा वेगळी.

काळ्या पाषाणाच्या भागात वर बरड किंवा खरडी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग खडक. हा खडक कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो आणि मुरमात गोल धोंडे अडकलेले राहतात. खोदताना बाजू एकदम साफ दिसते. पण पहिल्या पावसाने मुरूम भिजला की आतला धोंडा मोकळा होतो आणि घरंगळत कागदावर येतो. शिवाय पाषाणाचे थर एकावर एक रचलेले असतात. दोन थरांच्या सांध्यातून पावसाळ्यात पाणी वाहते, त्याबद्दल पुढे सांगतो. पूर्वेकडे, रामटेक-पारशिवनीच्या बाजूला, धोंड्यांचा त्रास कमी. पण खडकात गारगोटीच्या पांढऱ्या शिरा असतात. गारगोटी फुटली की काचेसारखी धार येते. तिचा नखाएवढा तुकडासुद्धा कागदाला पुरतो.

म्हणून मशीन बोलावण्याआधी जागेच्या चारही कोपऱ्यांत व मध्ये सब्बलने खड्डे घेऊन पाहा. खड्डे सहा-सात फूट तरी खोल गेले पाहिजेत. पक्का खडक पाच-सहा फुटांवरच लागत असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : खोलीचा हट्ट धरू नका. निघालेल्या मुरमाचा चारी बाजूंनी दाबून बांध घाला, अर्धे तळे जमिनीत आणि अर्धे जमिनीवर ठेवा. शेवटच्या तीन फुटांसाठी ब्रेकर लावून होणारा खर्च पाण्याच्या हिशेबात परवडत नाही. सुरुंगाच्या भानगडीत तर पडूच नये. त्याला परवाना लागतो हे झालेच, पण सुरुंगाने भोवतालचा चांगला खडकही आतून खिळखिळा होतो आणि त्या भेगा पुढे आपल्यालाच बुजवाव्या लागतात.

खोदाई झाली की मशीन गेले म्हणजे काम संपले असे समजले जाते. खरे तर इथून काम सुरू होते, आणि ते हाताचे आहे. बाजूंवर सब्बल मारत फिरा. जो गोटा हलतो किंवा पोकळ वाजतो तो आत्ताच पाडा. न हलणाऱ्या खडकाचे जे टोक वर आले असेल ते छिन्नी-घणाने फोडून बसवा. टोक मातीने झाकून चालत नाही, कारण भार आल्यावर माती दबते आणि टोक होते तिथेच राहते. हराळी आणि लव्हाळ्याच्या गाठी मुळासकट काढा. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा वर येतो आणि प्लॅस्टिक भेदतो.

मग भेगा. इथे बहुतेकजण चुकतात. वरून माती लोटली, भेग दिसेनाशी झाली की समाधान होते. पुढे पावसाळ्यात बाजूचे पाणी खडकातून वाहू लागले की ती माती भेगेतून खाली धुऊन जाते आणि कागदाखाली पोकळी तयार होते. भेग भरण्याची रीत अशी : आधी तिच्यातली सैल माती उकरून काढा, तळाशी गिट्टी ठोका, तिच्यावर बारीक गिट्टी, मग वाळू आणि शेवटी चिकण माती. जाडापासून बारकाकडे, म्हणजे वरचा थर खालच्यातून निसटत नाही. हाताचा पंजा जाईल एवढी भेग असेल तर वरचे तोंड सिमेंट-वाळूच्या मालाने बंद करा. दोन-चार पोती सिमेंट लागेल, त्याची कुरकुर करू नये.

यानंतर गादी. तळावर चार ते सहा इंच चाळलेली माती पसरावी, पाणी शिंपून धुम्मसाने किंवा रोलरने दाबावी. कोणती माती, असे सभासद नेहमी विचारतात. नाल्यातला गाळ, पोयटा, चाळलेला बारीक मुरूम चालतो. नुसती काळी माती नको, ती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. क्रशरची चुरी स्वस्त मिळते म्हणून कोणी आणतात, पण तिला धार असते. आणि एक गोष्ट खास आपल्या सभासदांसाठी : गादी मऊ व्हावी म्हणून कागदाखाली पाचट किंवा कारखान्याची मळी अंथरू नका. पाचट कुजून खाली बसते, तिथे उंदीर आणि वाळवी येते, मळीतून वायू सुटून कागद फुगतो. दोन्ही वस्तूंची जागा उसाच्या सरीत आहे.

बाजूंवर गादी टिकत नाही ही खरी अडचण. एकास एक उतारावर माती घसरतेच. म्हणून खडकाळ जागेत उतार एकास दीडपेक्षा खडा ठेवू नये. बाजूंना मातीचा चोपून गिलावा करावा आणि त्यावर जिओटेक्स्टाइलचे जाड कापड घालावे. ते परवडत नसेल तर काही शेतकरी खताची रिकामी पोती शिवून दुहेरी अंथरतात. कापडाची सर त्यांना येत नाही, पण उघड्या खडकापेक्षा बरी.

सगळे झाले की एक परीक्षा घ्या. चपला काढून तळावर आणि बाजूंवर अनवाणी फिरा. जिथे पायाला टोचेल तिथे कागदालाही टोचेल. खराट्याने झाडून पुन्हा फिरा. यात हसण्यासारखे काही नाही, यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे साधन आम्हाला ठाऊक नाही.

थरांच्या सांध्यातून येणाऱ्या पाण्याचे आता बघू. ऑगस्टमध्ये खडकातून उपळ फुटतो आणि तळे रिकामे असेल तर कागद खालून फुग्यासारखा वर उचलला जातो. उपळाची जागा असेल तर गादीखाली गिट्टीची चर काढून ते पाणी खालच्या अंगाच्या नाल्यात सोडा. उतारच नसेल तर जागा बदला. आणि पावसाळ्यात तळ्यात तीन-चार फूट पाणी कायम ठेवा, म्हणजे वरचा भार कागदाला दाबून धरतो.

कागदाचे माप खोदाईनंतरच घ्यावे. खडकात मशीन नकाशाप्रमाणे चालत नाही. दोरी एका काठावरून बाजूने उतरवून तळावरून दुसऱ्या काठापर्यंत जमिनीला टेकवत न्या आणि दोन्हीकडे कडेच्या चरासाठी दीड-दीड मीटर जास्त धरा. कागद आयएस १५३५१ या मानकाची खूण असलेलाच घ्या. अंथरणे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. भर दुपारी तापलेला कागद ताणून बसवला तर थंडीत आखडून सांध्यावर ओढ येते, म्हणून थोडा सैल ठेवावा. वरच्या काठाला चर खणण्याइतकी माती नसेल तर मातीने भरलेल्या पोत्यांची रांग लावून त्यावर बांध घाला.

आपल्या पूर्व विदर्भात हे ज्ञान नवे नाही. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचे कोहळी लोक तलाव बांधण्यात आणि ऊस लावण्यात सारखेच वाकबगार होते. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. त्यांच्याजवळ प्लॅस्टिक नव्हते, म्हणून त्यांनी जागा आणि माती पारखून घेतली. आपल्याजवळ कागद आला आणि पारख मागे पडली.

कुंपणाशिवाय तळ्यात पाणी सोडू नका. रोही आणि रानडुक्कर कागद फाडतात हे एक, आणि ओल्या प्लॅस्टिकवर माणसाचा पाय ठरत नाही हे त्याहून मोठे. पोहणारा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही. शेततळ्यात बुडून पोरे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर कायम सोडलेला असावा आणि काठावर हवा भरलेली ट्यूब असावी. याच तळ्याजवळ पाचट पेटवू नये, हे वेगळे सांगायला नको.

पहिले पाणी एकदम भरू नका. दोन फूट भरून दोन दिवस थांबा. कडेचा चर अर्धवटच बुजवलेला ठेवा, म्हणजे कागद आपल्या जागी बसताना वरून सरकू शकतो. मग दर दोन फुटांनी असेच. पाणी उतरते असा संशय आला तर काठावर उघड्यावर एक भरलेली बादली ठेवून तिची खूण करा. तळे आणि बादली साधारण सारखीच उतरली तर ती वाफ समजावी. तळे बादलीच्या कितीतरी पट उतरत असेल तर गळती आहे. अशा वेळी घाईने कागद उचलू नका. पाणी उतरत उतरत ज्या उंचीवर थांबेल, भोक त्याच पातळीला बाजूवर कुठेतरी असते. थांबलेच नाही तर तळात. थांबलेल्या रेषेवर खडूने खूण करून गट कार्यालयात कळवा, आमचे कर्मचारी येऊन पाहतील. नवीन तळ्याचे खड्डे घ्यायचे असतील त्यांनीही मशीन ठरवण्याआधी तिथेच नोंद द्यावी.