बादलीच्या कडेला बसलेला डोंगर

वाशिमकडच्या ज्या घरात बोअरचं पाणी वापरतात, तिथल्या न्हाणीतली जुनी बादली एकदा उजेडात धरून बघा. आतून पांढरट, खरबरीत थर चढलेला असतो. नखाने खरवडून तो निघत नाही. तारेच्या घासणीने प्लॅस्टिकवर चरे पडतात, थर मात्र जागचा हलत नाही. आता त्यावर अर्धं लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. अगदी बारीक सर्र असा आवाज येईल. थर फसफसतो, इवले बुडबुडे उठतात, आणि इतकं घासूनही न हललेला तो थर मऊ पडून ओघळायला लागतो.

ते बुडबुडे कसले, हे मला कळलं त्या दिवसापासून मी त्या बादलीला मळकी म्हणू शकलेलो नाही.

वाशिम जिल्हा काळ्या दगडावर बसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरत गेले आणि त्यांचं दख्खनचं पठार झालं. या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, लोखंड तर भरपूर. पण सगळं स्फटिकांत घट्ट अडकलेलं. ते सोडवायला नुसतं पाणी फार अपुरं पडतं. तिथे कामाला येतो श्वास. सोयाबीनची, तुरीची, पऱ्हाटीची मुळं जमिनीखाली श्वास घेतात, मातीतले जिवाणूही घेतात. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मातीच्या फटींमध्ये वरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त साठतो. मुरणारं पावसाचं पाणी तो वायू पिऊन किंचित आंबट होतं, आणि तेवढ्याशा आंबटपणाने दगड हळूहळू झिजतो. कॅल्शियम पाण्यात उतरतं, वायूचं बायकार्बोनेट होतं, आणि दोघं मिळून बोअरमधून वर येतात तेव्हा पाणी काचेसारखं नितळ दिसतं.

वर आल्यावर पाणी तापलं किंवा सुकलं, की थोडा वायू उडून जातो. मग कॅल्शियमला विरघळून राहता येत नाही. उरलेल्या वायूला धरून ते कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं, म्हणजे पुन्हा दगड. लिंबाचा रस हा दगड फोडतो आणि आत कोंडलेला वायू मोकळा होतो. कानाशी जे सर्र वाजलं, तो कधीतरी शेतातल्या एखाद्या मुळाने टाकलेला श्वास होता.

किती दगड येतो असा? पाण्याची कठीणता लीटरमागे 400 मिलिग्रॅम आहे असं धरू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत ठीक मानतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे 400 हे काही अचाट धरलेलं नाही. 15 लीटरच्या बादलीत या हिशेबाने 6 ग्रॅम दगड विरघळलेला असतो. रोज एक बादली धरली तर वर्षाला दोन किलोंच्या वर. बराचसा मोरीतून वाहून जातो, पण उरतो तो बादलीवर, नळाच्या तोटीवर, गिझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवायच्या बंबात. बंबातला थर सगळ्यात महागात पडतो. तांब्याच्या तुलनेत हा थर शंभर पटींहून अधिक मंदपणे उष्णता पुढे देतो, म्हणून तेवढ्याच आंघोळीला लाकूड जास्त जळतं.

‘त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ असं जुन्या बाया सांगतात. त्यांचं निदान अचूक आहे. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियमशी बांधलं गेलं की आवळून बसतं आणि दाणा फुटत नाही. एकाच कॅल्शियममुळे डाळ ताठ राहते आणि साबण फाटतो.

पाणी उडून क्षार मागे उरण्याचं सगळ्यात भव्य रूप बघायचं तर लोणारला जावं, वाशिम जिल्ह्याच्या शिवेपासून ते दूर नाही. त्या सरोवरात पाणी येतं, पण वाहून बाहेर जायला वाट नाही. जातं ते वाफेनेच. क्षार मागे राहतात. पूर्वी लोक काठावरचा खार गोळा करायचे आणि त्याच्या प्रकारांना दल्ला, पापडी अशी नावं होती. तिथला खार मुख्यतः सोडियमचा, आपल्या बादलीतला कॅल्शियमचा, पण पाणी उडतं आणि खार उरतो ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

आंबटाची ही ताकद ऐकून कुणी लिंबू किंवा व्हिनेगर घेऊन फरशीकडे वळेल, म्हणून सांगतो: शहाबादी आणि कडप्पा हे मुळात चुनखडकच आहेत. डाग आणि फरशी यांत आंबटाला फरक कळत नाही. ओट्यावर लिंबाची फोड विसरली की जो निस्तेज ठिपका उमटतो, तिथे दगडच खाल्ला गेलेला असतो. आणि कुठलंही आंबट किंवा अॅसिड ब्लीचिंग पावडरजवळ नेऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

तांबडा डाग मात्र फसफसत नाही. तो लोखंडाचा. जमिनीखाली, हवा नसते तिथे, विरघळलेलं लोखंड बिनरंगी असतं. हापशीचं पाणी हंड्यात घेताना स्वच्छ आणि तासाभराने तांबूस, असं होतं ते त्याला हवा लागल्यामुळे. पण कित्येकदा दोष दगडाचा नसून हापशीच्या पाइपांचा असतो. सकाळचे पहिले काही हंडेच लाल आले आणि मग पाणी निवळलं, तर रात्रभर थांबलेल्या पाण्याने पाइपाचा गंज उतरवला असं समजावं. दिवसभर लाल राहिलं, तर लोखंड खालूनच येत असण्याची शक्यता जास्त.

कपड्यावरच्या गंजाच्या डागाला मीठ-लिंबू लावून उन्हात टाकतात. ऊन कशाला, असं मला नेहमी वाटायचं. सायट्रिक आम्ल गंजातल्या लोखंडाला मिठीत घेऊन धाग्यातून सोडवतं, आणि उन्हाच्या प्रकाशात ते लोखंड पुन्हा आपल्या बिनरंगी, विरघळणाऱ्या रूपात जातं. ज्या रूपात ते जमिनीखाली होतं, त्यातच. मग ते धुतल्याबरोबर निघून जातं. ब्लीच टाकलं तर उलट होतं, डाग पक्का बसतो.

गंज सोडवणाऱ्या आम्लांमध्ये ऑक्झॅलिक आम्ल फार जबरदस्त, आणि ते इथल्या शेतातच तयार होतं. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या वावरातून चाललं की पायांना चरचरतं. झाडाच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाचे थेंब पाझरतात, तीच हरभऱ्याची आंब. जुनी माणसं रात्री पिकावर धुतलेलं धोतर पसरून ठेवत. सकाळपर्यंत दव आणि आंब दोन्ही त्यात उतरत, मग ते पिळून बाटलीत भरत आणि पोटदुखीला थेंब थेंब देत. ज्या झाडाच्या मुळांच्या श्वासाने खालचा काळा दगड झिजतो, त्याच झाडाच्या पानांवर पहाटे हे थेंब चमकत असतात.