नऊ हजारांची नगरपरिषद

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, वर्धा नदीला लागून मोवाड आहे. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, थोडे वर सरकले की मध्य प्रदेश, आणि सभोवती नरखेड-काटोलच्या पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागा. वस्ती नऊ हजारांच्या आसपास. एवढ्या गावाचा कारभार महाराष्ट्रात सहसा ग्रामपंचायत पाहते. कित्येक ग्रामपंचायती तर याहून मोठ्या आहेत. मोवाडला मात्र नगरपरिषद आहे, आणि ती कालपरवाची नाही. इंग्रजांच्या मध्य प्रांतात 1864 साली नागपूरला नगरपालिका आली आणि तिच्या मागोमाग तीनच वर्षांनी, 1867 साली, मोवाडला. पुढे दोघींच्या वाटा फुटल्या. 1901च्या जनगणनेत नागपूर 1,27,734 लोकांचे होते, 2011 मध्ये 24,05,665 लोकांचे झाले. मोवाड तेव्हा पाच हजारांच्या आत होते, आज त्याच्या दुपटीलाही पोचलेले नाही. सध्याच्या कायद्यात नव्या नगरपरिषदेला निदान 25 हजार आणि नगरपंचायतीला निदान 10 हजार वस्ती लागते. मोवाड आज नव्याने अर्ज घेऊन मुंबईला गेले, तर दारातूनच परत पाठवले जाईल.

म्हणून ही नगरपरिषद हवीच कशाला, असा प्रश्न अधूनमधून निघतो. तो विचारणारे उत्पन्नाचे आकडे पुढे करतात, आणि त्या आकड्यांत भांडण्यासारखे काही नाही: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजारवसुली एवढ्यावर मोवाडसारखी कुठलीही क वर्ग, म्हणजे सर्वात लहान वर्गातली, नगरपरिषद चालत नाही. जकात होती तोवर थोडा तरी स्वतःचा पैसा होता. 1999 साली नगरपरिषद क्षेत्रातली जकात उठली आणि त्या जागी सरकारी अनुदान आले. पण उत्पन्न हे अशा संस्थेचे खरे माप नव्हे, असे मला वाटते. गावात सकाळी नळाला पाणी येते की नाही, नाली उपसली जाते की नाही, दिवे लागतात की नाही, हे ठरवणारी पंधरा-वीस माणसे असतात. ती वर्षानुवर्षे त्याच कामावर टिकली तर नऊ हजारांची नगरपरिषदही भक्कम असते. ती पांगली तर तिजोरी भरलेली असूनही दारावर पाटी तेवढी उरते.

मोवाडच्या बाबतीत या म्हणण्याला एक भयंकर पुरावा आहे. 30 जुलै 1991 रोजी वर्धेला महापूर आला आणि गाव वाहून गेले. 204 माणसे मेली. घरांसोबत रस्ते, नळ, खांब, दप्तर, जे जे म्हणून नगरपालिकेचे असते, ते पाण्याखाली गेले. नंतर गावाचे पुनर्वसन झाले, नवी घरे उभी राहिली. जुने गाव ज्यांच्या डोक्यात होते, म्हणजे कुठली लाइन कुठून जाते, कुठल्या मोहल्ल्याला पाणी चढत नाही, कुणाचे घर कुठल्या नोंदीत आहे, त्यांच्या माहितीचा निम्माशिम्मा भाग त्या एका सकाळी निरुपयोगी झाला. नव्या वस्तीत ती माहिती पुन्हा शून्यापासून जमवावी लागली. सिमेंट आणि लोखंड सरकारने दिले. पाइपचा स्वभाव ओळखणारा माणूस कुठल्याच निधीतून पाठवता येत नाही, तो त्या गावातच घडतो.

हा माणूस म्हणजे वॉलमन. छोट्या गावाच्या कारभारात त्याच्याइतका दुर्लक्षित आणि त्याच्याइतका महत्त्वाचा दुसरा कर्मचारी नाही. त्याचे हत्यार एकच, माणसाच्या छातीएवढी उंच, टी आकाराची लोखंडी चाबी. रस्त्यातल्या चेंबरचे झाकण उचलायचे, चाबी खाली वॉलच्या दांड्यावर बसवायची आणि फिरवायची, एवढेच काम बघणाऱ्याला दिसते. पण टाकीत पाणी असते ठरावीक, आणि गाव एकाच वेळी सगळे नळ सोडण्याइतके सपाट नसते. टाकीतल्या पाण्याची दर दहा मीटर उंची साधारण एक किलो दाब देते. सगळे वॉल एकदम उघडले, तर सखल भागात नळ धो धो वाहतो आणि चढावरच्या घरात नुसती हवा फुसफुसते. म्हणून गावाचे भाग पाडायचे, आज या भागाला, मग त्या भागाला, आणि चढावरच्या भागाला सोडताना सखल भागाचा वॉल अर्धा आवळायचा. अर्धा म्हणजे नेमका किती फेरे, हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नसते. वॉल जुना झाला की आतली झडप पूर्ण बसत नाही. मग तो 'बंद' असतानाही थोडे पाणी सोडतो, आणि त्या थोड्याचा हिशेबही वॉलमनच्या मनात असतो.

यात दोन धोके आहेत आणि दोन्ही शहरी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाहीत. पहिला घाईचा. रिकाम्या लाइनीत पाणी झटक्यात सोडले तर आतली हवा दबते, धक्का बसतो आणि कमजोर सांधा फुटतो. म्हणून चाबी सावकाश फिरवावी लागते. दुसरा धोका आरोग्याचा. पाणी बंद झाले की लाइन रिकामी होते. कुठे बारीक गळती असली आणि शेजारून नाली वाहत असली, तर तीच गळती उलट दिशेने काम करते आणि नालीचे पाणी आत ओढते. त्यात लोकांनी नळाला टिल्लू पंप लावलेले असतात, त्यांच्या ओढीने हा प्रकार आणखी वाढतो. पावसाळ्यात कुठल्याशा मोहल्ल्यात गॅस्ट्रोची साथ उठते, तिचे मूळ पुष्कळदा इथे सापडते. पाणी निर्जंतुक करायला टीसीएल पावडर किती टाकायची, शेवटच्या नळावर क्लोरीनची ओटी टेस्ट घेतल्यावर रंग किती पिवळा यायला हवा, पहिली दोन-चार मिनिटे गढूळ पाणी आले तर कुठली लाइन तपासायची, हे डॉक्टरचे निम्मे काम वॉलमन करतो. त्याला त्या कामाचा पगार मात्र मिळत नाही.

मोवाडचे दुखणे असे, की सरकारी योजनांच्या लेखी ते शहर आहे, आणि जगते ते खेड्यासारखे. गावकऱ्यांची कमाई संत्रा, कापूस आणि मजुरीवर. आंबिया बहार फळाला आला की बाजारात पैसा फिरतो, गळ झाली की दुकानदाराची उधारी वाढते आणि पाणीपट्टीही थकते. राज्याला एकेकाळी हे कळत होते. 1977च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागाच्या जोडीला क वर्ग नगरपरिषदांचे क्षेत्रही हमीत घेतले, कारण नावात 'नगर' असले तरी तिथला मजूर शेतमजूरच आहे, हे तेव्हाच्या धोरणकर्त्यांनी ओळखले होते. पुढच्या केंद्रीय योजनांनी ही ओळख पुसली. 2015च्या अमृत योजनेत मुख्यतः लाखावर वस्तीची शहरे आली. 2019चे जल जीवन मिशन फक्त ग्रामीण भागासाठी आले. मोवाडच्या शेजारचे पाचशे वस्तीचे खेडे त्यात बसते, मोवाड बसत नाही. 2021च्या अमृत 2.0 मध्ये सगळी नगरे घेतली, पण तोवर सहा वर्षे गेली होती. पाण्याचे मापही दोन आहेत. खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर, शहरातल्याला 135. नऊ हजार वस्तीला पहिल्या मापाने रोजचे पाच लाख लिटर होतात, दुसऱ्याने बारा लाख. बारा लाखांचा आराखडा करायचा, पाच लाखांचे पाणी मिळवायचे आणि ते नऊ हजारांना पुरवायचे, हे कोडे शेवटी चाबी हातात असलेल्या माणसाने सोडवायचे.

त्या पाण्याचाही भरवसा नाही. शेजारचे वरूड-मोर्शी भूजलाच्या अतिउपशामुळे 'डार्क झोन' म्हणून बदनाम आहेत आणि काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातही बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावी लागते. संत्र्याच्या झाडाला उन्हाळ्यात पाणी हवेच. बाग वाळली तर पंधरा-वीस वर्षांची मेहनत जाते. त्यामुळे शेतकऱ्याची बोअर आणि गावाचा नळ एकाच खडकातले पाणी ओढतात. नगरपरिषदेला त्या बोअरवर काहीही बोलता येत नाही, कारण तिची हद्द गावठाणापाशी संपते. ग्रामपंचायत असती तर शिवार तरी तिच्या ग्रामसभेत चर्चेला आले असते.

हाच धागा धरून काही जण म्हणतात, मग करून टाका ग्रामपंचायत. जल जीवनचे पैसे येतील, रोजगार हमी येईल, शिवारही येईल. हा युक्तिवाद हलका नाही आणि मोवाडपुरता तो जवळजवळ खराही वाटतो. पण अशी गावे नुसती आपल्या रहिवाशांची नसतात. आसपासच्या खेड्यांतली माणसे बाजाराला, बँकेत, शाळेला, दवाखान्याला, एसटी पकडायला तिथे येतात; नदीपलीकडच्या जिल्ह्यातलीही येतात. त्यांचा कचरा, त्यांची गर्दी, त्यांची तहान त्या दिवशी मोवाडची असते. ग्रामपंचायतीकडे या कामाला पुरेसे मनुष्यबळ नसते. आणि दीडशे वर्षे जुनी नगरपालिका मोडून मिळणार काय, तर दुसऱ्या खात्याकडे जाणारी फाइल. योजनेच्या निकषात 'क वर्ग नगरपरिषद क्षेत्रासह' एवढे चार शब्द घातले तर तेच साधते. 1977 साली ते घातले गेले होते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. नागपूर शहरात 2012पासून खासगी कंपनीच्या हाती चोवीस तास पाण्याचा प्रकल्प आहे. दाब मोजणारी यंत्रे आहेत, संगणकावर जाळे दिसते. मग गावात चाबी फिरवणारा माणूस कशाला? यंत्राला माझा विरोध नाही. लाइन सतत भरलेली राहिली तर नालीचे पाणी आत जाणारच नाही, हे चोवीस तास योजनेचे सर्वात मोठे समर्थन आहे आणि ते मला मान्य आहे. पण त्यासाठी आधी गळती शोधावी लागते, मीटर लावावे लागते, टिल्लू पंप काढावे लागतात, आणि हे सगळे करताना कुणाच्या दारात कुठला सांधा आहे ते सांगणारा लागतो. शिवाय पंचवीस लाखांच्या शहरात एक यंत्र बिघडले तर कंपनीचा माणूस तासाभरात येतो. मोवाडला तो नागपूरहून यायचा. मधल्या काळात गावाने काय प्यावे?

तिसरा आक्षेप सर्वात टोचरा आहे: कायम नोकरी दिली की माणूस काम करत नाही, कंत्राटी ठेवला तर धाकात राहतो. अनेक नगरपरिषदांचा अनुभव असा आहे, हे नाकारून चालणार नाही. पण कंत्राटी वॉलमनचे काय होते ते पाहा. ठेका दरवर्षी बदलतो, ठेकेदार बदलला की माणसे बदलतात, आणि गेलेला माणूस जाताना वॉलच्या फेऱ्यांचा हिशेब सोबत नेतो. नव्या माणसाला चेंबर सापडत नाहीत, कारण मधल्या काळात सिमेंट रोड झालेला असतो आणि झाकणे त्याखाली गेलेली असतात. मग जिथे पाणी येत नाही तिथे रस्ता फोडायचा, नवा वॉल बसवायचा, बिल काढायचे. धाकाने फार तर हजेरी लागते. जाळे समजायला चार-पाच उन्हाळे जावे लागतात.

वरच्या खुर्च्यांची स्थितीही काही वेगळी नाही. मुख्याधिकारी राज्याच्या संवर्गातला, बदलीचा. लहान नगरपरिषदेला तो पुष्कळदा 'अतिरिक्त प्रभार' म्हणून मिळतो, म्हणजे आठवड्यातून एक-दोन दिवस. नगराध्यक्षाची निवड 2016 साली थेट जनतेतून, 2020 साली पुन्हा नगरसेवकांतून, 2022 साली पुन्हा थेट. त्यातच 2021-22 च्या सुमारास मुदती संपल्या आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसला, तो 2025च्या डिसेंबरातल्या निवडणुकीपर्यंत. म्हणजे जवळजवळ चार वर्षे सभागृह नव्हते, आणि तरी नळ येत राहिले. यावरून कुणी नगरसेवकांची गरज नाही असा निष्कर्ष काढील, तर तो चूक ठरेल. पाणी सुटत होते, पण ते आले नाही तर कुणाच्या दारात जायचे हे लोकांना समजत नव्हते, आणि नवी लाइन कुठल्या मोहल्ल्याला आधी द्यायची हा राजकीय निर्णय कारकुनाच्या टेबलावर घेतला जात होता. लोकप्रतिनिधी हवेतच. पण त्या चार वर्षांत रोजचा कारभार कुणी रेटला, हे नव्या सभागृहाने एकदा नीट पाहावे.

सर्वात मोठी अडचण ही, की आज जे वॉलमन, फिटर, पंपचालक कायम पगारावर आहेत, त्यांच्यातले बरेचसे निवृत्तीच्या वयात आहेत आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. मंजूर पदांचा आकृतिबंध लोकसंख्येवर ठरतो, आणि लोकसंख्या वाढत नाही म्हणून मोवाडसारखे गाव त्यात नेहमी तळाला राहते. बाजाराच्या दिवशी येणारी खेडी त्या गणितात नाहीत, चढ-उतार नाहीत, जुने झालेले वॉल नाहीत. टाकी, पाइप, पंपहाऊस यांना भांडवली निधी मिळतो, त्याचे उद्घाटनही होते. ते चालवायच्या पगाराला मात्र कुठल्याच योजनेत जागा नसते. राज्याच्या नगरविकास खात्याने क वर्ग नगरपरिषदांसाठी वॉलमन, फिटर आणि पंपचालक ही तीन पदे कायम धरून त्यांचा पगार स्वतः उचलावा, आणि प्रत्येक पदामागे निवृत्तीच्या तीन वर्षे आधी एक शिकाऊ त्याच गावातून नेमावा. मोवाडच्या नव्या सभागृहाने एवढा एक ठराव पहिल्या वर्षात करून पाठवावा.