वाघ कोंडता येतो? मग ‘गो’ही येईल

2025 च्या जुलैअखेरीस, सोमवारी, बातुमीत दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये नमवलं आणि मंगळवारी व्याघ्रदिन नि नागपंचमी एकत्रच आली. विदर्भातल्या पुरवण्यांची आठवडाभराची सोय झाली. दिव्या नागपूरची, वाघ आमचे. एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक आणि त्याच विजयासोबत ग्रँडमास्टर किताब मिळवणाऱ्या या पोरीच्या डावांबद्दल जाणकार लिहितीलच. मला लिहायचंय ते त्यानंतर घरोघरी निघालेल्या प्रश्नाबद्दल: आता आपल्याही पोराला बुद्धिबळाच्या क्लासला घालायचं का?

घाला की. फक्त ‘बुद्धी तल्लख होते, गणित सुधारतं’ असल्या जाहिरातींवर विसंबून घालू नका. खेळ खेळावा तो मजा येते म्हणून. आणि मजेचाच विषय आहे तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना पटावरचा दुसराच एक खेळ जास्त लवकर जमेल, असं माझं मत आहे. ते मी इथं दामटणार आहे. हा खेळ म्हणजे ‘गो’. मूळचा चीनचा, दोन हजार वर्षांहून जुना, जपान आणि कोरियात वाढलेला. 2016 च्या मार्चमध्ये सोलमध्ये अल्फागो या संगणक प्रणालीनं ली सेडॉलला 4-1 असं हरवलं तेव्हा आपल्याकडच्या पेपरांतही त्याची बातमी आली होती. मग ती मागे पडली. खेळ मात्र कुणी शिकला नाही.

जमेल असं का वाटतं? कारण ‘गो’ हा मारण्याचा कमी आणि घेरण्याचा जास्त खेळ आहे. घेरण्याचा खेळ आपल्याकडे ओसरीवर, देवळाच्या फरशीवर कोळशानं रेघा ओढून चालत आलेला आहे. वाघ-बकरी.

पट गावागणिक बदलतो. कुठं त्रिकोणी, त्यात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या. सिरोंच्यावरून नदी ओलांडून तेलंगणात गेलात तर तिथं त्याला ‘पुली-मेका’ म्हणतात. नेपाळात ‘बाघचाल’ म्हणून चौकोनी पट आहे. पाच उभ्या आणि पाच आडव्या रेघा, मध्ये तिरप्या, एकूण पंचवीस घरं. मी हाच धरून बोलतो, कारण त्याचे नियम सगळीकडे सारखे सांगितले जातात. चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. बकऱ्या वीस, पण सुरुवातीला सगळ्या हातात. एकेक बकरी पटावर ठेवायची आणि प्रत्येक बकरीनंतर वाघाची एक चाल. विसाच्या वीस उतरेपर्यंत कुठलीही बकरी जागची हलत नाही. वाघ शेजारच्या बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात उतरला की बकरी गेली. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

नागभीडकडे एका ओसरीवर एक आबाजी नातवाला हा खेळ शिकवत होते. नातवानं बकरी ऐटीत वाघाच्या पुढ्यात ठेवली. मागचं घर रिकामं. आबाजी एवढंच म्हणाले, “पाठ उघडी नोको ठेवू.” आणि बकरी उचलून स्वतःच्या मांडीखाली सारली. सगळा खेळ त्या वाक्यात आहे. बकरीला शक्ती नाही, उडी नाही. तिच्या मागं दुसरी बकरी आहे की नाही, एवढाच तिचा जीव.

आता थोडा हिशेब, कारण मला तो आवडतो. कोपऱ्यातल्या वाघाला शेजारची घरं तीनच. तेवढी भरून भागत नाही. त्या तिघींच्या पाठीमागची तीन घरंही भरायला हवीत, नाहीतर तो उडी मारेल. म्हणजे एका कोपऱ्यातला वाघ कोंडायला सहा बकऱ्या. चार कोपऱ्यांना चोवीस लागाव्यात, आणि आपल्याकडे वीसच. पण पटाच्या कडांवरची मधली घरं दोन-दोन कोपऱ्यांच्या कामी येतात आणि मधोमधचं घर चारही कोपऱ्यांच्या. मोजून पाहा, सतरा बकऱ्यांत चारही वाघ बंद होतात. अर्थात वाघ कोपऱ्यात बसून राहत नाहीत, तिथंच गंमत आहे. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या दोघांनी संगणकावर हा चौकोनी खेळ शेवटापर्यंत उलगडून दाखवला: दोन्ही बाजूंनी चूक केली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. तेव्हा “वाघच नेहमी जिंकतो” म्हणणाऱ्या मामाला आता उत्तर आहे.

या खेळांकडे शिकलेल्यांनी फार लक्ष दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांतले एक हेमचंद्र दासगुप्ता. हे गृहस्थ कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. खडकांच्या अभ्यासातून वेळ काढून त्यांनी ठिकठिकाणचे बैठे खेळ टिपले, आणि 1920 च्या दशकात बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मध्य प्रांतातल्या खेळांवर टिपण छापलं. चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता आणि गडचिरोली त्याच्या पोटात. ती वेगळी झाली 1982 मध्ये. शंभर वर्षांपूर्वी एका भूगर्भतज्ज्ञाला जे नोंदवावंसं वाटलं ते आपल्या शाळांच्या क्रीडा तासात अजून शिरलेलं नाही. कॅरमचा बोर्ड घ्यायला पैसे असतात. वाघ-बकरीला पैसेच लागत नाहीत, म्हणूनच बहुतेक तिची खरेदी कुणी सुचवत नाही.

एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पटावरचा वाघ आणि जंगलातला वाघ यांची सरमिसळ मी करत नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. त्या एकट्यादुकट्या नव्हत्या, तरीही. पट नियम पाळतो, जंगल पाळत नाही. पण कोंडण्याची अक्कल खऱ्या वाघालाही लागू पडते. 2024 मध्ये ताडोब्यातून ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये सोडलेली जीनत ही वाघीण झारखंडमार्गे बंगालमध्ये जाऊन पोचली. शेवटी बांकुड्यात जाळ्यांनी रान वेढत आणलं आणि 29 डिसेंबरला तिला बेशुद्ध करून पकडलं. तिच्यामागं कुणी धावत सुटलं असतं तर ती चौथ्या राज्यात गेली असती.

तर ‘गो’. साहित्य आधी. बाजारचा लाकडी पट आणि सोंगट्या महाग पडतात. त्यांची गरज नाही. चिंचोके गोळा करा, पाट्यावर घासून किंवा अडकित्त्यानं दोन फाळ्या करा. प्रत्येक फाळीची एक बाजू काळपट, दुसरी पांढरी. काळ्या बाजूनं ठेवली की काळी सोंगटी, उलटी ठेवली की पांढरी. ऐंशीएक फाळ्या झाल्या की नवशिक्याचा संच तयार. चंद्रपुरात राहता म्हणून कोळशाचे खडे वापरायचा मोह होईल; करू नका, पटाबरोबर चादरही काळी होते. पट म्हणजे पुठ्ठ्यावर नऊ उभ्या आणि नऊ आडव्या रेघा. मोठ्यांचा पट एकोणीस रेघांचा, 361 घरांचा, पण त्याकडे पहिले काही महिने बघूसुद्धा नका. सोंगटी चौकटीच्या आत नव्हे, रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं बसते. वाघ-बकरी खेळलेल्याला हे सांगावं लागत नाही. बुद्धिबळ खेळलेल्याला पाच वेळा सांगावं लागतं.

नियम मोजके. काळा पहिला. आळीपाळीनं एकेक सोंगटी ठेवायची आणि ठेवलेली सोंगटी पुन्हा हलत नाही. वाघ-बकरीतला बकऱ्या उतरवण्याचा टप्पा शेवटपर्यंत चालू राहिला आणि दोन्ही बाजूंनी बकऱ्याच असल्या, तर जे होईल ते हे. सोंगटीला रेघेवरून लागून असलेलं रिकामं घर म्हणजे तिची वाट. मधल्या सोंगटीला चार वाटा, कडेच्या सोंगटीला तीन, कोपऱ्यातलीला दोन. सगळ्या वाटा शत्रूनं अडवल्या की सोंगटी पटावरून उचलायची. एकमेकींना लागून असलेल्या एकाच रंगाच्या सोंगट्या एकत्र जगतात, एकत्र मरतात. वाटा मोजायच्या त्या सगळ्या जथ्याच्या.

आपला गडी अडखळतो तो इथं. वाघ-बकरीत तिरपी रेघ असते, ‘गो’त नसते. त्यामुळे तो तिरपी घरं अडवत सोंगट्या वाया घालवतो आणि शेजारच्या सरळ वाटा उघड्या ठेवतो. एकदा हे मोडलं की पुढचं पटपट येतं.

सुरुवात कशी करावी, याबाबत मी जपानी खेळाडू यासुदा यासुतोशी यांच्या बाजूचा आहे. हे 9 दान दर्जाचे व्यावसायिक, म्हणजे सर्वोच्च पायरीवरचे. एवढ्या वरच्या माणसानं आपला वेळ घातला तो बालवाड्यांत, विशेष मुलांच्या शाळांत आणि वृद्धांमध्ये हा खेळ नेण्यात. त्यासाठी त्यांनी खेळ पार सोलून काढला: जागा मोजायची नाही, हिशेब नाही, जो पहिली सोंगटी पकडेल तो जिंकला. बस. डाव दहा मिनिटांत संपतो, हरलेला लगेच पुन्हा मांडतो. ‘गो’चे जुने शिक्षक या सोलीव खेळावर नाकं मुरडतात, कारण यातून मूल फक्त पकडापकडी शिकतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. पकडायला गेलं की कळतं, एकेकट्या सोंगटीमागं धावून हाती काही लागत नाही. नवशिक्यांनी पहिले पन्नास डाव लवकर हरून टाकावेत, असं ‘गो’वाले म्हणतात, यासुदांच्या रीतीनं ते एका पावसाळी सुट्टीत उरकतात. आणि पावसाळा आपल्याकडे लांब असतो. पर्लकोटेचं पाणी पुलावरून वाहू लागलं की भामरागडला मोबाइलची रेंजही हमखास नसते. चिंचोक्यांना रेंज लागत नाही.

त्यानंतर खरा खेळ: शेवटी जास्त जागा ज्याच्या कुंपणात, तो जिंकला. त्यातली एकच गोष्ट नीट समजावी लागते, ती म्हणजे ‘दोन डोळे’. समजा काळ्यांचा एक जथा पांढऱ्यांनी बाहेरून पूर्ण वेढला. आत एकच रिकामं घर असेल तर पांढरा शेवटी तिथं सोंगटी टाकतो, काळ्यांची शेवटची वाट बंद होते आणि अख्खा जथा उचलला जातो. पण आत एकमेकांपासून सुटी अशी दोन रिकामी घरं असली तर? पांढऱ्याला दोन्ही भरावी लागतील आणि चालीगणिक एकच भरता येते. एकात शिरला तर दुसरं घर काळ्यांना वाट म्हणून उरतंच, आणि शिरलेल्या सोंगटीला मात्र एकही वाट नसते. अशी आत्मघाताची चाल नियमातच बसत नाही. म्हणून दोन डोळ्यांचा जथा वेढ्यातही कायमचा जिवंत. वाघ-बकरीत वेढा पडला की वाघ संपला; इथं वेढ्यात राहूनही जगता येतं. आपल्या खेळाहून ‘गो’ पुढं जातो तो या एका कल्पनेमुळे, आणि नवशिक्या ज्या संध्याकाळी हे स्वतःच्या हातानं घडवतो त्या संध्याकाळी तो जेवायला लवकर उठत नाही.

एकच सोंगटी दोघांनी आलटूनपालटून खात बसू नये म्हणून ‘को’ नावाचा एक नियम आहे. पहिल्या आठवड्यात तो लागत नाही. लागला की शोधून वाचा.

आणि एक सोय, जी बुद्धिबळात नीटशी नाही. तिथं बाप आणि पोर बरोबरीनं खेळावेत म्हणून बापाचा वजीर काढून घेतला तर खेळच वेगळा होऊन बसतो. ‘गो’त कच्च्या खेळाडूला आधीच काही काळ्या सोंगट्या पटावर मांडू देतात, बाकी नियम तेच. नऊ रेघांच्या पटावर पोराला चार द्या. सलग तीन डाव त्यानं मारले की एक कमी करा. दोनवर आलात की बापानं गुपचूप सराव सुरू करावा.