तालीम चोरणारा चाहता

चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते. तुटलेला कडी-कोयंडा, उचकटलेले कपाट, जमिनीवर विखुरलेले कपडे आणि कपाळाला हात लावून बसलेली घरची मंडळी. काल होते ते आज नाही, ही चोरीची आपली साधी व्याख्या. पण गेल्या पाव शतकात चोरीचा एक असा प्रकार वाढला आहे, की सकाळी उठून पाहावे तर सगळे जिथल्या तिथे असते. कुलूप शाबूत, कपाट शाबूत, आतला ऐवजही शाबूत. आणि तरीही घर लुटले गेलेले असते. व्हिडिओ गेम तयार करणाऱ्यांच्या 'सोर्स कोड'ची चोरी ही त्यातलीच.

'पोरांच्या खेळांची कसली आली आहे चोरी!' असे म्हणून पान उलटू पाहणाऱ्या वाचकांना मी थोडे थांबण्याची विनंती करतो. कारण यातल्या दोन अतिशय गाजलेल्या प्रकरणांत चोर म्हणून जो सापडला, तो कुणी सराईत दरोडेखोर नव्हता. विशीच्या आसपासचा, बुद्धीने तल्लख, तासन् तास संगणकापुढे बसणारा मुलगा होता. असे मूल आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात, शेजारच्या खोलीत, दार लोटून बसलेले असते.

आधी सोर्स कोड म्हणजे काय ते पाहू. मी तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेसाठी हौशी नाटकांतून कामे केली, त्यामुळे मला नाटकाचेच उदाहरण सुचते. प्रेक्षक पाहतो तो प्रयोग. पण त्यामागे एक संहिता असते. तिच्या समासात दिग्दर्शकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा असतात, खोडलेली वाक्ये असतात, 'इथे प्रकाश कमी करणे' अशा सूचना असतात. दुकानातून आणलेला गेम हा प्रयोग. तो यंत्राला कळेल अशा भाषेत असतो, माणसाला वाचता येत नाही. सोर्स कोड ही त्याची संहिता. माणसांनी माणसांना कळेल अशा तऱ्हेने लिहिलेल्या लाखो ओळी, आणि मधेमधे सहकाऱ्यांसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या. ही संहिता ज्याच्या हाती पडली त्याला प्रयोगाची सगळी गुपिते कळली.

आता गोष्ट सांगतो ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या 'व्हॉल्व्ह' या कंपनीची. मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सोडून गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी १९९६ मध्ये ती काढली. १९९८ च्या नोव्हेंबरात त्यांचा पहिला गेम आला, 'हाफ-लाइफ'. गॉर्डन फ्रीमन नावाचा चष्मेवाला शास्त्रज्ञ, हातात एक लोखंडी पहार आणि प्रयोगशाळेत माजलेला हलकल्लोळ. खेळ आणि गोष्ट यांची अशी सांगड लोकांनी पूर्वी फारशी पाहिली नव्हती. गेम तुफान चालला.

पुढची चार वर्षे व्हॉल्व्हने दुसऱ्या भागाचे काम जवळजवळ गुपचूप केले. मे २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात त्याची झलक दाखवली, तेव्हा चाहते अक्षरशः वेडे झाले. तारीखही जाहीर झाली, ३० सप्टेंबर २००३. ज्यांनी नाटक बसवले आहे त्यांना या तारखेचा अर्थ वेगळा सांगायला नको. नाट्यगृह ठरलेले आहे, जाहिरात गेली आहे आणि तिसरा अंक अजून पाठ नाही! व्हॉल्व्हचे नेमके तसेच झाले होते. सप्टेंबर सरत आला तेव्हा कंपनीने तारीख पुढे ढकलली.

त्याच सप्टेंबरात न्यूएल यांना संशय आला, की आपली ई-मेल आपल्याशिवाय आणखी कुणीतरी वाचत आहे. संगणक विचित्र वागू लागला होता. पुढे उघड झाले, की कंपनीच्या काही संगणकांवर दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवणारे प्रोग्रॅम कुणीतरी बसवले आहेत. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'हाफ-लाइफ २'चा सोर्स कोड इंटरनेटवर उघडा पडला. २ ऑक्टोबरला न्यूएल यांनी जाहीरपणे कबूल केले, की होय, हा आमचाच कोड आहे. इतकेच नव्हे, तर चोर शोधायला मदत करा, अशी विनंती त्यांनी चाहत्यांनाच केली. काही दिवसांत गेमची अर्धीमुर्धी, पण खेळता येईल अशी प्रतही बाहेर आली.

मग काय झाले असेल? तालमीच्या हॉलची भिंत कुणी पाडली आणि बाहेर गर्दी जमली, तर जे होईल तेच. कुणाचे वाक्य पाठ नाही, तलवार पुठ्ठ्याची, राजा लुंगीवर. 'सप्टेंबरात गेम येणार म्हणत होता, आणि काम तर एवढे बाकी!' असा गलका झाला. ज्यांनी वर्षानुवर्षे रात्री जागवल्या, त्यांचे अपुरे काम जगभर हातोहात फिरू लागले. गेम अखेर आला तो १६ नोव्हेंबर २००४ रोजी, ठरल्यापेक्षा वर्षाहून अधिक उशिराने. तो उत्तम निघाला, त्याला ढीगभर पारितोषिके मिळाली, हे त्या मंडळींच्या चिवटपणाचे यश.

आता चोराकडे वळू. तो जर्मनीतल्या एका छोट्या गावात राहणारा, विशीतला तरुण होता आणि त्याने व्हॉल्व्हच्या जाळ्यात शिरकाव केला तो वैरापोटी नव्हे. तो 'हाफ-लाइफ'चा चाहता होता! पुढचा भाग कसा आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी पाहायचे होते. कोड आपण स्वतः जगापुढे टाकला नाही, दुसऱ्या एकाला दिला आणि त्याने तो फोडला, असे त्याचे म्हणणे. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने आपणहून न्यूएल यांना पत्र पाठवले. आत शिरलो तो मीच, अशी कबुली दिली, आणि वर विचारले काय, तर मला तुमच्याकडे नोकरी द्याल का!

व्हॉल्व्हने फोनवरून त्याची मुलाखत घेतली आणि पुढच्या फेरीसाठी अमेरिकेत बोलावले. विमानतळावर स्वागताला कोण असणार होते, तर एफबीआय! पण तो निघण्यापूर्वीच, मे २००४ मध्ये, जर्मन पोलिसांनी त्याला घरातून उचलले. नोव्हेंबर २००६ मध्ये न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा सुनावली, पण ती परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगात न धाडता. वय आणि परिस्थिती पाहून त्याला सुधारण्याची संधी मिळाली, असे म्हणायला हवे.

ही हकीकत मी माझ्या भाच्याला सांगितली. तो पुण्यात अकरावीला आहे आणि मला माहीत नसलेले बरेच काही त्याला माहीत असते. तो शांतपणे म्हणाला, ''पण मामा, त्याने नेलं काय? कॉपीच तर केली. कंपनीचा कोड कंपनीकडेच राहिला ना?''

प्रश्न खोडसाळ नव्हता. या पिढीने गाणी, चित्रपट, पुस्तके, सगळे एका बोटाने उतरवून घेतलेले आहे. प्रत काढली म्हणजे कुणाचे काही गेले, हे त्यांना जाणवत नाही. मी त्याला म्हटले, ''तुझी वही कुणी न विचारता वाचली, अर्धवट लिहिलेली कविता वर्गात मोठ्याने म्हणून दाखवली आणि वही होती तिथे परत ठेवली, तर तुझं काय गेलं?'' तो गप्प बसला. मग म्हणाला, ''ते वेगळं.'' मला ते वेगळे वाटत नाही. गेले ते हे, की आपले काम केव्हा आणि कोणत्या रूपात लोकांपुढे न्यायचे, हे ठरवण्याचा करणाऱ्याचा हक्क. शिवाय व्यवहारातले नुकसान आहेच. जानेवारी २०२३ मध्ये 'रायट गेम्स'चा कोड चोरीला गेला, तेव्हा त्या कंपनीनेच बजावले, की आता खेळात लबाडी करण्याची नवी साधने निघू शकतील. चोरांनी मागितलेली खंडणी मात्र तिने दिली नाही.

या जर्मन मुलाच्या गोष्टीत मला सर्वांत चटका लावून जाते ती दुसरीच बाब. ज्या दाराच्या फटीतून तो शिरला, त्याच्या शेजारचे मोठे दार सताड उघडे होते! 'हाफ-लाइफ' आल्यावर व्हॉल्व्हने खेळाडूंना त्यात हवे ते बदल करण्याची साधने स्वतःहून दिली होती. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुण चाहत्यांनी ती वापरून १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' नावाचा नवाच खेळ रचला. तो इतका गाजला, की २००० मध्ये व्हॉल्व्हने खेळही घेतला आणि दोघांना नोकरीही दिली. खुद्द 'हाफ-लाइफ' उभा होता तो 'क्वेक' या दुसऱ्या कंपनीच्या गेमच्या पायावर, पण रीतसर परवाना घेऊन. आणि त्याच कंपनीने, 'आयडी सॉफ्टवेअर'ने, 'डूम' या आपल्या गाजलेल्या गेमचा सोर्स कोड १९९७ च्या डिसेंबरात सगळ्यांना शिकण्यासाठी खुला केला होता. म्हणजे या क्षेत्रात देण्याची परंपरा आहे. मागून मिळते आणि शिकून मिळवता येते. जर्मनीतल्या त्या मुलाला हवी होती तीच नोकरी, त्याच कंपनीत, चार वर्षांपूर्वी दोघा चाहत्यांना मिळालेली होती.

'हाफ-लाइफ २' नंतर अशा चोऱ्या थांबल्या नाहीत. आणि कुलपे मजबूत झाली तशी चोरांनी माणसे हेरली. जून २०२१ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या मोठ्या कंपनीतून 'फिफा २१'च्या कोडसह ७८० गिगाबाइट माल गेला. कसा? चोरांच्या सांगण्यानुसार, त्यांनी दहा डॉलरला एका कर्मचाऱ्याच्या नावाने आत शिरण्याची चोरीची खूण विकत घेतली. मग कंपनीच्या मदत कक्षाला निरोप धाडला, की काल पार्टीत माझा फोन हरवला, मला आत येता येत नाही. मदत कक्षाने बिचाऱ्याला मदत केली! आपल्याकडे बँकेचा म्हणून फोन करून आकडा विचारणारे भामटे आणि हे यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये 'रॉकस्टार'च्या तेव्हा तयार होत असलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' या गेमच्या नव्वद चित्रफिती बाहेर आल्या. इंग्लंडमधल्या सतरा वर्षांच्या मुलाचे हे काम. आधीच्या गुन्ह्यात तो जामिनावर होता, त्याचा लॅपटॉप जप्त होता, पोलिसांनी त्याला एका हॉटेलात ठेवले होते. तिथला टीव्ही, त्याला जोडायची एक कांडी आणि मोबाइल एवढ्यावर त्याने हे केले. सोर्स कोडही फोडीन, अशी धमकी त्याने कंपनीला दिली. यातून सावरायला पन्नास लाख डॉलर आणि हजारो तासांचे श्रम गेले, असे कंपनीने न्यायालयात सांगितले. तीव्र स्वमग्नतेमुळे डॉक्टरांनी त्याला खटल्याला सामोरा जाण्यास असमर्थ ठरवले होते. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्याची रवानगी बेमुदत काळासाठी रुग्णालयात केली. एवढी बुद्धी आणि तिची ही वाट! वाचून राग येण्याऐवजी पोटात कालवते.

त्या चित्रफिती पाहून अनेकांनी 'किती हे ओबडधोबड काम' म्हणून नाके मुरडली. तेव्हा इतर कंपन्यांतले गेमकर्ते पुढे आले. 'कंट्रोल', 'अनचार्टेड ४' यांसारख्या नावाजलेल्या गेमच्या कर्त्यांनी स्वतःच्या अर्धवट अवस्थेतल्या चित्रफिती आपणहून लोकांपुढे ठेवल्या. ठोकळ्यांची माणसे, रंग नसलेल्या भिंती. बघा, आमचेही असेच होते, प्रत्येकाचे असेच असते! एका नटमंडळीची तालीम उघडी पडली म्हणून बाकीच्यांनी आपापल्या तालमींचे पडदे वर केले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेला प्रसंग हा.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येणार नाही. २००८ मध्ये 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीने पुण्यात स्टुडिओ सुरू केला. पुण्यातल्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम जगभर नेला. अशा ठिकाणी काम करणारी मुले-मुली आपल्याच घरातली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये 'इन्सॉम्नियाक' या अमेरिकी कंपनीवर दरोडा पडला, तेव्हा गेमबरोबर आजी-माजी कर्मचाऱ्यांची खासगी माहितीही उघड्यावर आली, हे लक्षात ठेवलेले बरे. आपला कायदाही गाफील नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने सोर्स कोडच्या चोरीचा स्पष्ट उल्लेख आला. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

पण घरातल्या मुलाला कायद्याची भीती घालून भागेल, असे मला वाटत नाही. त्याला कुतूहल आहे आणि ते मरता कामा नये. 'डूम'चा कोड आजही वाचता येतो, तो त्याला वाचू द्या. गेममध्ये बदल करण्याची साधने आहेत, ती हाताळू द्या. आपल्या यंत्रणेतले दोष शोधून रीतसर कळवणाऱ्यांना अनेक कंपन्या बक्षीस देतात, हेही त्याच्या कानावर घाला. आणि रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतला दिवा जळत असेल, तर नुसते 'झोप आता' म्हणून परत फिरू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा आणि 'काय बनवतोयस?' असे विचारा. सांगितलेले सगळे कळले नाही तरी चालेल.