पडदा पाहून कार्ड घ्यावे

दिवाळीच्या खरेदीत वडीलमाणसाचा शब्द शेवटचा, ही समजूत आता जुनी झाली. कापड, फराळाचे सामान, आकाशकंदील इथपर्यंत तो चालतो. मुलाने संगणकाचे नाव काढले की वडीलमाणूस गप्प होतो, आणि 'ग्राफिक्स कार्ड' हा शब्द कानावर आला की खिसा चाचपू लागतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. खेळांसाठी घेतलेल्या संगणकात बहुधा सर्वांत महाग वस्तू हीच, आणि घरात सर्वांत कमी माहितीही तिच्याबद्दलच!

यंदा असाच एक तंटा वळसंगहून माझ्याकडे निवाड्याला आला. वळसंग हे सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. तिथे माझी बहीण दिली आहे. भाच्याला सोलापुरात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, म्हणून अक्काने पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे ८०,००० रुपये संगणकासाठी पुढे केले. भाच्याची यादी मात्र लाखाच्या पुढे गेली होती. दाजी सोलापूरच्या चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर उभी हयात घालवलेले गृहस्थ. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "खेळायला एवढं? ह्यात पोराचं वर्षाचं शिक्षण निघतंय की!" माझे आयुष्य संगणक दुरुस्त करण्यात गेले, म्हणून भाच्याने मला गाठले. "मामा, कार्ड कुठलं घ्यायचं, तुम्हीच सांगा की अप्पांना."

चादरीवरचे फूल आणि पडद्यावरचे चित्र

दाजींना समजावणे मला सोपे गेले, ते त्यांच्याच धंद्यामुळे. चादरीवरचे फूल आधी चौकटींच्या कागदावर काढतात. कोणती चौकट भरायची, कोणती रिकामी सोडायची, ते ठरते. मग पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पडतात आणि त्या भोकांप्रमाणे जॅकार्ड ताण्याचे धागे उचलतो. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने आपला माग सिद्ध केला. पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्रासाठी याच भोकांच्या पट्ट्यांची कल्पना उचलली. तेव्हा संगणकाशी दाजींचे नाते भाच्यापेक्षा जुने आहे!

संगणकाचा पडदाही असाच चौकटींचा. नेहमीच्या पडद्यावर आडव्या १,९२० आणि उभ्या १,०८० चौकटी असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. खेळातले चित्र हलते दिसायचे तर ते सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींवर चौकटींचे रंग ठरवायचे.

"म्हणजे सेकंदाला साठ चादरी!" दाजी म्हणाले. मला याहून चांगले सांगता आले नसते.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार मुकादम आहे. अवघड कामे तो भराभर करतो, पण त्याचे हात मोजके. ग्राफिक्स कार्डावर साध्या कामाचे हजारो हात असतात आणि ते सारे एकदम चालतात. २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५०६० या मध्यम दर्जाच्या कार्डावर असे ३,८४० गणक आहेत. एन्व्हिडिया कंपनीने १९९९ साली 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणले ते खेळांसाठीच. पण हजारो हातांची ही युक्ती पुढे शास्त्रज्ञांच्याही कामी आली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतला 'परम सिद्धी' हा महासंगणक २०२० साली जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्याचे बळही याच जातीच्या चिपांत आहे. हे ऐकल्यावर दाजींनी 'खेळणे' हा शब्द मागे घेतला. पैसे मात्र वाढवले नाहीत.

आधी पडदा, मग कार्ड

मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "पडदा कोणता घेणार?" त्याला प्रश्न अस्थानी वाटला. पण सारे त्यावरच अवलंबून आहे. २,५६० बाय १,४४० च्या पडद्यावर ३६,८६,४०० चौकटी असतात. ज्याला 'फोर-के' म्हणतात, त्यावर ८२,९४,४००, म्हणजे साध्या पडद्याच्या बरोबर चौपट. चौपट चौकटी भरायला कार्डही तसेच दांडगे लागते. उलट, साध्या पडद्याला ते दांडगे कार्ड जोडले, तर त्याचे बळ बरेचसे वाया जाते. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसे पडदा पाहून कार्ड घ्यावे.

दुसरा प्रश्न, "खेळ कोणते?" भाचा मित्रांबरोबर 'व्हॅलोरंट' खेळतो. हा खेळ साध्या कार्डावरही सुरेख चालतो. नव्या, भव्य देखाव्यांच्या कथाप्रधान खेळांची भूक मोठी असते. तिसरा प्रश्न, "अभ्यासाला काय लागेल?" त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण घ्यायचे आहे. त्यातली पुष्कळशी साधने एन्व्हिडियाच्या 'कूडा' या प्रणालीवर बेतलेली आहेत. एरवी एएमडी आणि इंटेल यांचीही कार्डे पाहावीत. त्याच पैशात ती कित्येकदा अधिक स्मृती देतात. भाच्याच्या बाबतीत मात्र या एका कारणाने निवड आखडली.

नावे सारखी, गुण वेगळे

आता आकड्यांचे कोडे. ५०६० मधले पहिले दोन आकडे पिढीचे, पुढचे दोन दर्जाचे. पिढी नवी म्हणून दर्जा वरचा, असे नव्हे. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एकाच नावाची दोन कार्डे. आरटीएक्स ३०६० हे कार्ड २०२१ साली १२ जीबी स्मृतीचे आले. २०२२ साली त्याच नावाने ८ जीबीचे आले. त्यात स्मृती तर कमी होतीच, पण तिच्याकडे जाणारा रस्ताही १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आणलेला होता. पेटीवरचे ठळक नाव तेच! म्हणून बारीक अक्षर वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

जुन्या कार्डांचा मोहही जपून धरावा. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनाचे 'खाणकाम' बंद झाले आणि त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली. स्वस्त कार्ड घेताना पावती, हमीची शिल्लक मुदत आणि प्रत्यक्ष चालवून पाहणे, या तिन्हींचा आग्रह सोडू नये.

वळसंगची वीज आणि वळसंगचा उन्हाळा

परदेशी लेखांत न सापडणारी एक बाब राहिली. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर चढतो. कार्ड खेळताना आधीच तापते. खोलीतली हवाच गरम असली तर ते थंड कसे व्हावे? ठराविक उष्णतेनंतर कार्ड जिवाच्या भीतीने आपला वेग आपणच कमी करते. मग जादा पैसे देऊन घेतलेला वेग गेला कुठे? शिवाय धूळ, कमीजास्त होणारा दाब आणि अवचित जाणारी वीज.

भाच्याच्या मनात ५०६० टी-आय हे १६ जीबीचे कार्ड होते. ते १८० वॉट खाते. साधे ५०६० हे १४५ वॉट, पण स्मृती ८ जीबीच. ही उणीव मी लपवली नाही. आजच्या काही खेळांनाच ती तोकडी पडते, तिथे चित्राची प्रत थोडी उतरवावी लागेल, हेही सांगितले. तो हिरमुसला. मग मी दोन्ही कार्डांच्या किमतींतला फरक कागदावर मांडला. त्या फरकात नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस आणि लहानसा यूपीएस बसत होता. भाच्याच्या यादीत यूपीएस नव्हताच, आणि एसएमपीएस होता तो नाव नसलेला.

निकाल दाजींनी दिला. "मागाची मोटर हलकी घेऊन भागतंय व्हय? वीज झटका देती तवा आधी तीच जळती, आणि जाताना शेजारचंही घेऊन जाती." साधे ५०६० ठरले. भाच्याने एक अट घातली. एसएमपीएसमध्ये पुढच्या कार्डापुरती जागा राहिली पाहिजे, कारण चार वर्षांनी पहिल्या पगारातून तो स्वतः कार्ड बदलणार आहे. अट वाजवी होती. ५५० चा ६५० वॉट झाला आणि वरची रक्कम अक्काने भिशीतून घातली.

वाचकहो, तुमच्या घरीही या दिवाळीत अशी यादी पुढे येईल. ती पाहून रागावू नका, आणि काही न विचारता पैसेही देऊन टाकू नका. पडदा कोणता, खेळ कोणते, अभ्यास कशाचा, स्मृती किती, वॉट किती आणि हमी किती वर्षांची, एवढे सहा प्रश्न मुलाला विचारा. ज्याला उत्तरे येतात, त्याने आपला अभ्यास केलेला आहे. ज्याला येत नाहीत, त्याला आठ दिवसांची मुदत द्या. खरेदी पाडव्याला झाली काय आणि तुळशीच्या लग्नाला झाली काय, कार्ड तेवढेच वेगाने धावते.